फाईलमधली एक जास्तीची ओळ

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कुणाला विचारायची वेळ येणार नाही. भूत, भास, संकेत, दृष्टान्त... यातलं मी काहीएक मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी थांबते, पण ते मांजराला घाई असते म्हणून. पेशाने प्रोग्रामर आहे. काही विचित्र घडलं की पहिला संशय मी स्वतःवर घेते, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार मीच निघते. या एका प्रकरणात मात्र मी स्वतःला पकडलं तरी केस काही सुटली नाही.

मी गोंदियाला राहते, तांदळाच्या मिलांच्या मागच्या बाजूला. नोकरीचं काम घरूनच चालतं. त्याशिवाय जगभरातले आम्ही सात-आठ जण मिळून एक लायब्ररी सांभाळतो, फुकट, हौसेखातर. आता हे वाक्य मी माझ्या माहेरी आणि आजोळी इतक्यांदा बोलले आहे की त्याचे परिणाम मला पाठ आहेत. मामाच्या गावच्या सरपंचांनी मला दोनदा विचारलंय की गावच्या वाचनालयाला दोन कपाटं मिळतील का. आमची लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. पाऊस, तापमान, समुद्र, भूकंप, अशा शास्त्रीय मोजमापांच्या फायली लिहिणारा आणि वाचणारा तो एक प्रोग्राम आहे. एका मशीनवर लिहिलेली फाईल दुसऱ्या कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी वाचता आली पाहिजे, एवढाच त्याचा धर्म. ती वाचता येत नाही तेव्हा लोक आम्हाला शिव्या घालतात आणि आम्ही चूक शोधायला बसतो.

गोष्ट मामांच्या फाईलची आहे. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, दामोदर मास्तर. सौंदड स्टेशनवर उतरून ऑटोने पंधरा-वीस मिनिटांवर त्यांचं गाव. गावाला एक जुना तलाव आहे, मामांच्याच कुणा पूर्वजांनी गावकऱ्यांना घेऊन बांधलेला. मामा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आणि शाळेत जाण्याआधी रोज सकाळी काठी घेऊन तलावाच्या पायरीवर उतरायचे. पाणी किती इंच आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. लग्न असो, ताप असो, निवडणूक ड्युटी असो, नोंद चुकली नाही. अशी एकवीस वर्षं. त्यांचा एक विद्यार्थी नागपूरला कुठल्याशा संशोधन संस्थेत लागला होता. त्याने सगळ्या वह्या तिथल्या मोठ्या मशीनवर उतरवून एक फाईल केली आणि सीडीवर घालून मामांना दिली. मामा जाऊन आता वीस वर्षं होत आली. वह्या वाळवीने खाल्ल्या, तो विद्यार्थी कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही. उरली ती सीडी, मामीच्या लोखंडी पेटीत, लग्नाच्या शालूच्या घडीत.

यंदा मार्चमध्ये मामीचा फोन आला. मामी पंच्याहत्तरीची, आवाज खणखणीत. तलावाच्या दुरुस्तीची योजना आली होती. गाळ काढणार, दार बदलणार, सगळं छान... फक्त सांडव्याची कड एक फुटाने खाली घेणार होते, पाळीवरचा, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरचा, भार कमी व्हावा म्हणून. गावातल्या जुन्या माणसांचं म्हणणं होतं की तसं केलं तर शेवटच्या टोकाच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या तुकड्यांना, आश्विनातलं अखेरचं पाणी मिळणारच नाही आणि धान लोंबीत येऊन वाळेल. त्या शेवटच्या बांध्यांत मामीचे दोन एकर. तिच्या भावाची शेती इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली आहे, त्याला काळजी नाही. मामीला मात्र तलावाशिवाय दुसरं पाणी नाही. इंजिनियर साहेब भले होते, ते म्हणाले की काही नोंद असेल तर दाखवा, सोमवारी अकरा वाजता तलावावरच ग्रामसभा घेऊ.

"नोंद हाये," मामी मला म्हणाली. "तुह्या मामाची फाईल हाये. तू फायलीचंच काम करून राहिली ना?"

आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नातेवाइकांपैकी कुणाला तरी माझं काम बरोबर कळलं होतं. मी खूश झाले. एकजण गोंदियाला येणार होता, त्याच्याबरोबर मामीने सीडी धाडली. बुधवारी मी फाईल उघडली. पहिल्याच दिवशीची पाण्याची पातळी निघाली त्रेचाळीस कोटी बासष्ट लाख सात हजार सहाशे सोळा इंच.

मामीला फोनवर सांगितलं, तर ती शांतपणे म्हणाली, "एवढं तं इटियाडोहातई नसन."

कारण लगेच लक्षात आलं. मोठी संख्या साठवताना मशीन तिचे तुकडे करतं. काही मशीन मोठा तुकडा आधी ठेवतात, काही लहान तुकडा आधी. नागपूरचं ते जुनं मशीन मोठा आधी ठेवणारं, माझा लॅपटॉप लहान आधी. इतक्या जुन्या फायलींत क्रम कोणता ते लिहिलेलं नसतं, आणि आमच्या लायब्ररीने तो चुकीचा धरला. मामीला मी सोपं करून सांगितलं. म्हटलं, मामी, आपण लिहितो तेव्हा सदतीसमधला तीन आधी आणि सात नंतर. पण तोंडाने म्हणताना सात आधी, तीस नंतर. तसंच हे. एकाने लिहिलं, दुसऱ्याने उलटं वाचलं. मामी म्हणाली, एवढंच ना, मग उलटून घे. आमच्या ग्रुपमध्ये या विषयावर दीड वर्ष वाद चालला होता.

गुरुवारी दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. लॅपटॉपवर फाईल सुरेख उघडली... सात हजारांच्या वर ओळी, तारीख आणि इंच, आणि प्रत्येक ओळीपुढे मामांचा शेरा: शेवटच्या बांधीत पाणी 'pochale' किंवा 'nahi'. पन्नास इंचांच्या वर असेल तेव्हा पोचले, पन्नासच्या खाली गेलं की नाही. एकवीस वर्षांत एकदाही याला अपवाद नाही. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

आता आमच्यात एक नियम आहे. अशी दुरुस्ती केली की ती दोन्ही जातींच्या मशीनवर चालवून बघायची. माझ्याकडे मोठा तुकडा आधी ठेवणारं एक जुनं धूड आहे, भंगारवाल्याकडून आणलेलं. कूलरसारखा आवाज करतं आणि मिलचा कोंडा त्याच्या पंख्यात सारखा अडकतो. एकदा त्यात तांदळातले सोंडे निघाले होते, तेव्हा ग्रुपवर मी 'खरा बग सापडला' म्हणून फोटो टाकला होता. त्याला नेट जोडलेलं नाही. पेन ड्राइव्हने फाईल नेली, चालवली. सगळं बरोबर आलं... पण शेवटी एक ओळ जास्त आली.

मामांची अखेरची नोंद वीस वर्षांपूर्वीची. तिच्या खाली आणखी एक ओळ. तारीख येत्या सोमवारची. पातळी ५२. शेरा कोरा.

मी घाबरले वगैरे नाही. उलट चिडले, कारण अशी चूक पोरं पहिल्या वर्षी करतात. मोजणी जिथे थांबायला हवी त्याच्या एक घर पुढे प्रोग्राम गेला होता. पुढच्या घरात जे काही शिळंपाकं पडलेलं असेल ते उचलून दाखवणार, त्याला काही अर्थ नसतो. तारीख बघून हसू आलं एवढंच. संध्याकाळी मामीशी बोलताना गंमत म्हणून सांगितलं की मामांनी सोमवारचा आकडाही पाठवलाय, बावन्न. मामी हसली नाही. "बरं," म्हणाली, आणि फोन ठेवला. ती चूक दुरुस्त करायची तशीच राहिली. आधी सभेसाठी तक्ते छापायचे होते.

सोमवारी सकाळच्या गाडीने सौंदडला उतरले. तलावाच्या पाळीवर आंब्याखाली सतरंज्या, चाळीसेक माणसं, बाया पुढे. मी तक्ते वाटले आणि तोऱ्यात सगळं समजावलं. इंजिनियर साहेबांनी एक-एक पान लक्ष देऊन पाहिलं. वयाने माझ्याएवढेच, सातारकडचे असावेत, बोलायला मऊ.

"मॅडम, इतकी शिस्तीची नोंद मी आजवर पाहिली नाही," ते म्हणाले. "फक्त एक सांगा. हे पन्नास इंच... कुठून?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. मामा काठी कुठे टेकवायचे? तळाला? पायरीला? कुठल्या दगडाला? शून्य कुठे ते माहीत नसेल तर पन्नास इंच म्हणजे नुसता आकडा. सांडव्याची कड त्याच्या वर की खाली, कोण सांगणार? मी लॅपटॉप उघडून फाईलचा मथळा काढला. मोजमापाची माहिती तिथेच असते. मामांनी विद्यार्थ्याकडून लिहून घेतलं होतं: shunya nehmichya jagi.

मी ते मोठ्याने वाचलं, शून्य नेहमीच्या जागी. सगळी सभा हसली. साहेबही हसले. मास्तर असेच होते, वर्गातही खडू 'नेहमीच्या जागी' असायचा, असं कुणीतरी म्हणालं. पण ती जागा चाळिसातल्या एकालाही ठाऊक नव्हती. मामीलाही नाही, कारण ते मोजायला जायचे तेव्हा ती चुलीपाशी असायची. साहेब म्हणाले की मग मला हे अहवालात घेता येणार नाही, माफ करा. मला रडू यायला लागलं होतं. दोन एकर मामीचे, आणि मी इतकी हुशार की मूळ प्रश्न मला सुचलाच नव्हता.

तेवढ्यात मामी उभी राहिली.

"शून्य सापडते," ती म्हणाली. "मास्तरनं ह्या भाचीकडं, नीताकडं, आजचा आकडा धाडला हाये. बावन. पाण्यापासून खाली बावन इंच मोजा, तेथं शून्य हाये."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. मी घाईघाईने सांगू लागले की तो आकडा नव्हे, ती माझ्या प्रोग्राममधली चूक आहे... पण ऐकतंय कोण. साहेब म्हणाले, मोजून बघू, मोजायला काय जातंय. तलावात मासोळी धरणारे सुखदेवभाऊ लुंगी खोचून उतरलेसुद्धा. पाणी सोडायच्या दाराशेजारी दगडी पायऱ्यांची भिंत आहे, मामा उतरायचे ती तेवढीच जागा. टेप धरला. बावन्न इंचांवर हात गेला तो थेट गाळात. सुखदेवभाऊंनी खांदा बुडेपर्यंत चाचपलं, वर आले आणि मान हलवली. मागून कुणीतरी खुसखुसलं.

मामी बसायला तयार नाही. "नीता, तूच सांगतलं ना, थे मशीन उलटं वाचते मनून? मंग उलटून पाय ना."

मी म्हटलं, मामी, उलटतात ते आतले तुकडे. आपले आकडे नाही उलटत. बावन्नचे तुकडे उलटले तरी पंचवीस होत नाहीत, भलतंच काहीतरी होतं. शिवाय हे मशीन उलटं वाचणारं नव्हे, ते दुसरं. चाळीस माणसांसमोर मी मामीला हे शिकवत होते, आणि साहेब गालात हसत होते.

"मले तुहे तुकडे समजत नाई," मामी म्हणाली. "सुखदेवा, पंचवीसवर चाचपून पाय."

पंचवीस इंचांवर दगडाला हिरवं शेवाळ होतं, बोटभर जाड. सुखदेवभाऊ तळहाताने ते खरवडू लागले. खरवडता खरवडता थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "मास्तरीनबाई... इथं गोल कोरला हाये."

साहेबांनी पॅन्ट गुडघ्याच्या वर दुमडली आणि बुटांसकट पाण्यात उतरले. रुपयाच्या नाण्याएवढं शून्य. त्याच्या बरोबर खाली छिन्नीने मारलेली आडवी रेघ. पाण्याच्या पृष्ठभागापासून रेघेपर्यंत त्यांनी स्वतः टेप लावला, दोनदा. पंचवीस इंच. एक सूतही इकडेतिकडे नाही. मग त्यांच्या माणसाने तिपाईवरची दुर्बीण लावून त्या रेघेवरून सांडव्याची कड मोजली. साठ. एक फूट खाली घेतली असती तर अठ्ठेचाळीस, म्हणजे मामांच्या पन्नासच्या खाली, म्हणजे दरवर्षी, प्रत्येक आश्विनात, 'nahi'.

सांडव्याला हात लावणार नाही, असं साहेबांनी तिथेच लिहून दिलं. गाळ काढू, दार बदलू, बस. मी पाळीवर बसून चक्क रडले. मामी रडली नाही. तिने सगळ्यांना चहा सांगितला, आणि तो करायला मलाच उठवलं.

परतीच्या गाडीत मी डोकं चालवत होते. लहानपणी मामांबरोबर मी तलावावर गेलेली आहे. ते शून्य तेव्हा पाहिलं असेल आणि मनात कुठेतरी राहिलं असेल, कबूल. पण त्या सोमवारी पाणी त्याच्या वर किती आहे हे मला कसं कळणार? मी दिवाळीनंतर गावात गेलेच नव्हते. आकडा निव्वळ योगायोग म्हणावा तर सोबतची तारीख? मशीनमध्ये घड्याळ आहे, पण ते त्या दिवशीचा गुरुवार दाखवत होतं. घरी आल्यावर ती चूक तशीच ठेवून प्रोग्राम पुन्हा चालवला. पुढचे चार दिवस, जेवायच्या आधी, जेवायच्या नंतर, शेकडो वेळा. दर वेळी जास्तीची ओळ आली, आणि दर वेळी कचरा... उणे अमुक कोटी इंच, हजारो वर्षांनंतरची तारीख. ते ५२ पुन्हा कधीच आलं नाही. शेवटी मी चूक दुरुस्त केली. एका ठिकाणी 'पेक्षा लहान किंवा समान' लिहिलं होतं, तिथलं 'किंवा समान' काढलं. ग्रुपमधल्या एकाने विचारलं, ही सापडली कशी? मी लिहिलं, चाचणी करताना.

इथपर्यंत असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते. योगायोग म्हणून गिळलं असतं.

त्यानंतरच्या आठवड्यात मामीने जाहीर केलं की आता रोजचं पाणी ती मोजणार. सकाळी काठी घेऊन पायरीवर उतरते, मग मला फोन करते, आणि मी मामांच्या फाईलच्या खाली ओळ जोडायची. पहिली नोंद अर्थातच सभेच्या सोमवारची. दुपारची वेळ, मिलची घरघर चालू, खांद्यावर फोन, आणि मामी सांगतेय: लिही, सोमवार, पंचवीस. मी तारीख टाकली. मग ऐकलं तसं टाइप केलं. आपण म्हणतो तसं, पाच आधी, वीस नंतर. आणि स्क्रीनकडे बघितलं.

मामांच्या अखेरच्या नोंदीखाली एक ओळ. तारीख त्या सोमवारची. पातळी ५२. शेरा कोरा.

तीच ओळ. अकरा दिवस आधी बघितलेली, जशीच्या तशी, माझ्या चुकीसकट. अंगावर काटा आला म्हणतात तो काय असतो ते मला तेव्हा कळलं. नंतर मी बॅकस्पेस दाबून २५ केलं. मी अजून लिहिलेली नव्हती ती ओळ मी आधी वाचली होती का? असं होत नाही. होऊ शकत नाही. मी या धंद्यात सतरा वर्षं आहे.

मामीला सगळं सांगितलं. तिला माझी टायपिंगची चूक वगैरे पटत नाही. तिच्या मते आकडा मास्तरांनीच धाडला होता आणि वाचायला मी चुकले. मी वाद घातला नाही, कारण माझं म्हणणं तरी कुठे जास्त शहाणपणाचं आहे? परवा मात्र तिने विचारलं की ती जास्तीची ओळ अजून येते का. मी म्हटलं, नाही मामी, ती मी दुरुस्त केली.

"काऊन?"

"चूक होती ना ती."

मागे तिची कोंबडी ओरडत होती.

"चूक होती तं होती," ती म्हणाली. "पण कोनाले तरास होऊन राहिला होता काय तिचा?"

मग तिने त्या दिवसाचा आकडा सांगितला आणि फोन ठेवला. बाकी कशाचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर लिहा. मामीने सांगितलेला आकडा मात्र मी आता दोनदा वाचून मगच फाईलमध्ये टाकते.